मळ्यातला बिबट्या आणि आईची उडालेली झोप

"संध्याकाळ झाली की छातीत धडधडायला लागतं. रात्रीतून चार-पाचदा उठून कडी बघते. आठ वर्षांचा मुलगा शाळेत जायला नको म्हणतो, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलाय. मिस्टर म्हणतात, बिबट्या काय आज आलाय का, तूच डोक्यात घेतलंस. मला खरंच काही झालंय, की घाबरणं बरोबरच आहे?"

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात काम करणाऱ्या समुपदेशकाला हा प्रश्न नवा नाही. अकोले-संगमनेरकडून, निफाड-सिन्नरकडूनही तो जवळपास याच शब्दांत येतो. इथे एका कुटुंबाबरोबर झालेलं काम सांगत आहोत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अशाच दुसऱ्या घरांतल्या काही गोष्टी त्यात मिसळल्या आहेत.

तिच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं खरी आहेत. घाबरणं बरोबर आहे, आणि तिला त्रासही झाला आहे. नवरा फक्त दुसरं बघत होता, ती फक्त पहिलं. पुढचं सगळं काम या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचं होतं.

घर मळ्यात. स्लॅबच्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, बाजूला गोठा, त्यात दोन गायी आणि चार शेळ्या. तीन बाजूंनी ऊस. संडास घरापासून तीस-चाळीस पावलांवर, अगदी उसाच्या कडेला. घरात नवरा-बायको, सासू, तिसरीतला मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. सहा महिन्यांपूर्वी दारातला कुत्रा नाहीसा झाला. मग शेजारच्या मळ्यातली शेळी गेली. इथवर ती सावध होती, पण झोपत होती. मग जवळच्या गावात एका मुलावर हल्ला झाला आणि त्याचा फोटो तिच्या मोबाईलवर आला. झोप गेली ती त्या रात्रीपासून.

लिफ्टची, पालीची, उंचीची भीती असली की समुपदेशनात एक ठरलेली पद्धत वापरतात: माणसाला हळूहळू, पायरीपायरीने त्या गोष्टीच्या जवळ नेतात आणि 'काही होत नाही' हे त्याच्या शरीराला कळू देतात. इथे ती जशीच्या तशी चालत नाही. रात्री नऊ वाजता उसाच्या बांधावर जाऊन 'काही होत नाही' हे शिकणं हा उपचार नव्हे, निव्वळ धोका आहे. बिबट्याची भीती घेऊन येणाऱ्याला पुस्तकातला उपाय जसाच्या तसा सांगणारे समुपदेशक आहेत, म्हणून हे सुरुवातीलाच लिहिलं. इथे भीती घालवायची नसते, तिला कामाला लावायचं असतं.

त्याआधी शरीर तपासून घ्यायचं. धडधड, थकवा, झोप न लागणं हे थायरॉइड किंवा रक्त कमी असण्यानेही होतं. तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं; लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. हल्ला डोळ्यांदेखत बघितलेला, घरातलं माणूस गेलेलं, तेच दृश्य पुन्हापुन्हा समोर येणं, जगणं नकोसं वाटणं, यातलं काही असेल तर नुसत्या बोलण्यावर थांबायचं नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं. तालुक्याला डॉक्टर नसेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

मग एक वही. मधोमध रेघ. बिबट्याच्या भीतीने ती दिवसभरात जे जे करते ते सगळं लिहायचं आणि प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा: याने बिबट्या आणि मूल यांच्यातलं अंतर वाढतं का?

डावीकडे गेलं ते असं: दिवेलागणीच्या आत पोरांना घरात घेणं, शेळ्या बांधून गोठ्याचं दार लावणं, बाहेर जाताना बॅटरी आणि दुसरं माणूस बरोबर घेणं. उजवीकडे: एकदा लावलेली कडी पुन्हापुन्हा बघणं, झोपण्याआधी बिबट्याचे व्हिडिओ बघणं, पाणी भरायला गेलेल्या नवऱ्याला दर दहा मिनिटांनी फोन करणं, मुलाला पोटदुखीच्या नावाखाली घरी ठेवणं, दुपारी बारा वाजताही त्याला ओट्यावरून खाली उतरू न देणं.

डाव्या रकान्यातलं काहीही सोडायचं नाही, उलट पक्कं करायचं. उजवीकडचं हळूहळू कमी करायचं. कडी पुन्हा बघितली की दोन-चार मिनिटं बरं वाटतं, आणि मेंदू त्यातून एवढंच शिकतो की आपण बघितलं म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळी बघावंसं वाटतं ते आणखी लवकर. कडीसाठी ठरलं ते असं: रात्री साडेआठला एकदा लावायची, लावताना मोठ्याने "लावली" म्हणायचं आणि सासूबाईंनी "ऐकलं" म्हणायचं. रात्री जाग आली आणि हात कडीकडे जायला लागला, तर ते "ऐकलं" आठवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. बहुतेक वेळा दहा मिनिटांत ती लाट ओसरते. पहिल्या आठवड्यात तिला ते जमलं नाही, ती उठलीच. असं होतं. पाच वेळांच्या तीन वेळा झाल्या तरी पुढे सरकलो असं धरायचं.

फोनचं काम सोपं निघालं, पण वाद झाला. गावच्या ग्रुपवर येणाऱ्या व्हिडिओंतले बरेच जुने असतात, दुसऱ्या राज्यातले असतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलेही असतात. तिचं म्हणणं, "ग्रुप बंद केला आणि खरंच इथे आला तर?" रास्त मुद्दा आहे. म्हणून ग्रुप सोडला नाही. संध्याकाळी सातनंतर तिच्या फोनवर तो गप्प ठेवला. दिराने बघायचं, आणि तारीख, ठिकाण, वनरक्षकाचा दुजोरा या तिन्ही गोष्टी असतील तरच वहिनीला फोन करायचा. त्यानंतर महिन्याभरात असे फोन अगदी मोजके आले.

काळजीची वेळही ठरवून दिली: दुपारी साडेचार ते पावणेपाच. त्या वेळात मनात येईल ते सगळं वहीत लिहायचं. ही वेळ मुद्दाम उजेडातली, कारण त्यातलं काही करण्यासारखं निघालं, शेळ्यांच्या दाराचा खिळा सैल असला, बॅटरी चार्ज नसली, तर ते अंधाराच्या आत उरकता येतं. झोपताना श्वासाचा व्यायाम: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. हा फक्त अंथरुणावर करायचा. अंधारात बाहेर उभं राहून डोळे मिटून श्वास मोजायचा नाही. तिथे लक्ष बाहेरच हवं.

एवढं झाल्यावर झोप थोडी सुधारली. पण तिच्या बोलण्यात एक वाक्य पुन्हापुन्हा यायचं: "तो जंगलातून आमच्यात घुसलाय. वनखात्यानेच आणून सोडलाय. उद्या घरात शिरेल." या वाक्यावर काम केल्याशिवाय बाकीचं टिकलं नसतं. जो प्राणी हद्द मोडून आत आलाय असं वाटतं, तो पुढे काय करेल याला सीमाच नसते. त्यामुळे माहिती देणं हाही समुपदेशनाचा भाग झाला.

या भागात बिबट्या उसातच जन्मतो, उसातच वाढतो. लागणीच्या हंगामानुसार 'सुरू' ऊस १२ महिने शेतात उभा असतो, 'पूर्वहंगामी' १४-१५ आणि 'आडसाली' १६ ते १८ महिने. मादी साधारण तीन महिन्यांच्या गर्भारपणानंतर दोन-तीन पिल्लं देते आणि ती दीड-दोन वर्षं तिच्याबरोबर राहतात. म्हणजे एक आडसाली उसाचं पीक आणि एका वेताचं बालपण जवळपास सारख्या लांबीचं. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी बारमाही पाणी आलं, पाण्याने ऊस आला, उसाने आडोसा दिला. आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या, डुकरं यांनी पोट भरलं. अकोले भागात वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात अशा शेतीच्या मुलखात त्यांना दर १०० चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा होता. तिथे माणसांवरचे हल्ले क्वचितच होत होते.

तिने हे ऐकून विचारलं, "म्हणजे मी रोज भाजीला जाते तेव्हाही तो तिथेच असतो?" हो, बऱ्याचदा असतो. त्या क्षणी ती जास्तच घाबरली. तसं होणार हे धरूनच बोलावं लागतं. पण पुढच्या भेटीत ती स्वतःहून म्हणाली, "एवढी वर्षं तिथेच होता आणि मला दिसलाही नाही, म्हणजे तो मला टाळतच असणार." ही समजूत तिच्या तोंडून आली. आपण आधी सांगितली असती तर ती उपदेश वाटली असती.

टाळतो, पण नेहमी नाही, हेही लगेच सांगायचं. बिबट्या सावजाचा अंदाज उंचीवरून घेतो. उभा मोठा माणूस त्याच्या हिशेबात सहसा बसत नाही. लहान मूल, गवत कापायला वाकलेली बाई, बांधावर शौचाला बसलेला माणूस, कोपीबाहेर, म्हणजे पाचटाच्या झोपडीबाहेर, उघड्यावर झोपलेलं ऊसतोड कामगारांचं लेकरू हे त्याला लहान जनावरासारखे दिसतात. धोका सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तो मुख्यतः संध्याकाळ ते पहाट या वेळेत, उसाच्या कडेला, एकट्या आणि खाली वाकलेल्या शरीराभोवती साचलेला असतो. हे कळलं की दुपारी बाराचा ओटा मुलाला परत मिळतो, आणि रात्री आठचा संडास हा घरातला सर्वांत मोठा प्रश्न ठरतो.

म्हणून घराभोवती फिरून पाहणी केली. ती कागदावर होत नाही.

संडासापर्यंत दिवा नव्हता आणि शेवटची दहा पावलं उसाला घासून होती. तिथे बटण घरात ठेवून बल्ब लावला, कारण सौर दिवे ढगाळ हवेत पहाटेपर्यंत टिकत नाहीत, आणि धोक्याची वेळ पहाटही असते. लाईट गेली तर काय, म्हणून दारामागे चार्ज केलेली बॅटरी. रात्री पोरांसाठी न्हाणीच्या कोपऱ्यात झाकणाची बादली. सासूबाईंना हे अमंगळ वाटलं. आठवडाभर कुरकुर झाली, मग त्याच वापरू लागल्या.

दिव्यांबद्दल एक इशारा. नुसता उजेड बिबट्याला फार दिवस रोखत नाही, त्याला सवय होते. दिवा असतो तो आपल्याला समोरचं दिसावं म्हणून.

घराला लागून असलेला ऊस मागे घ्यायचा. चारही बाजूंनी २५ फूट मोकळं किंवा बुटकं पीक असेल तर जनावराला दडून दारापर्यंत येता येत नाही. तिथे कांदा, मेथी, कोथिंबीर, झेंडू चालतो. हत्तीगवत चालत नाही, ते उसाइतकंच दाट. बऱ्याच घरांत ऊस मागे घेतात आणि गायींसाठी हत्तीगवत तिथेच लावतात, मग सगळं पाण्यात जातं. नवऱ्याचा आक्षेप पैशाचा होता, तेव्हा हिशेबच मांडला. १०० फूट लांबीची बाजू २५ फूट मागे घेतली तर अडीच हजार चौरस फूट, म्हणजे सव्वादोन-अडीच गुंठे. एकरी ४० टन धरला तर गुंठ्याला एक टन. टनाला तीन हजार धरले तर एका बाजूचे सात हजारांच्या आसपास, तेही तिथे दुसरं काहीच लावलं नाही तर. त्याने हिशेब तपासला आणि गप्प बसला. हो म्हणाला नाही.

गोठ्यात नेहमीची चूक होती: भिंत चांगली, वरून उघडा. गायींना बिबट्या सहसा हात लावत नाही, पण शेळी आणि वासरू त्याच्या मापाचं असतं, आणि सहा फुटांची भिंत त्याला काहीच नाही. शेळ्यांसाठी गोठ्याच्या आत वेगळा कोंडवाडा केला: खाली तीन फूट वीट, वर लोखंडी चौकटीला दोन इंची जाळी, आणि डोक्यावरही तीच जाळी, चौकटीला वेल्ड करून. शेडनेट किंवा ताडपत्री नको. ती फाटते आणि आत पडलेला बिबट्या बाहेर पडता येत नाही म्हणून सगळ्याच शेळ्या मारतो. दाराला दोरी नाही, खालून-वरून दोन कड्या. अशा कोंडवाड्याला किंवा दिव्यांना कधी कधी वनविभागाच्या योजनेतून मदत मिळते. ती त्या वर्षी चालू आहे का ते वनरक्षकाला विचारायचं.

शेजारच्या मळ्यातली पोल्ट्री मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकत होती. तिथे कुत्री जमायची, कुत्र्यांमागे बिबट्या. खोल खड्डा घेऊन चुना टाकून पुरणं एवढाच उपाय आहे. पण तो शेजाऱ्याला सांगणं हे समुपदेशनातलं अवघड काम निघालं, कारण जुना बांधाचा वाद होता. शेवटी ग्रामपंचायतीच्या शिपायाकरवी निरोप गेला.

मुलाचं काम वेगळं झालं. अंथरूण ओलं होण्याचं कारण शोधताना मनाच्या आधी वेळापत्रक बघितलं. तो संध्याकाळी सहानंतर संडासाकडे जातच नव्हता, धरून ठेवत होता. शिवाय जेवत नसला की आजी आणि आत्या दोघी म्हणायच्या, "खा, नाहीतर बिबट्याला बोलावीन." हे बहुतेक घरांत चालतं आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. ते त्याच दिवशी बंद झालं. बादलीमुळे झोपण्याआधी लघवी होऊ लागली, रात्री सातनंतर पाणी थोडं कमी केलं, रागावणं थांबलं. काही आठवड्यांत सातपैकी चार-पाच रात्री कोरड्या जाऊ लागल्या. लघवीला जळजळ, ताप किंवा सारखी तहान असती तर आधी लघवी आणि साखर तपासली असती.

त्याच्याबरोबर मळ्याचा नकाशा काढला. घर, गोठा, विहीर, ऊस, शाळेचा रस्ता. पिवळा रंग म्हणजे दिवसा एकटं जायला चालेल, केशरी म्हणजे मोठ्या माणसाबरोबर, लाल म्हणजे अंधारात नाहीच. त्याने विहिरीचा रस्ता लाल रंगवला आणि अंगण पिवळं. म्हणजे धोका कुठे आहे हे त्याला आईपेक्षा नीट कळत होतं. मुलांना "तो काही करत नाही रे" असं खोटं सांगू नये. पुढच्या हल्ल्याची बातमी आली की ते मूल आपलं काहीच मानत नाही. असं सांगावं: तो बहुतेक रात्री फिरतो, माणसाला टाळतो, एकट्या लहान मुलाला त्याच्यापासून धोका असतो, म्हणून आपण एकटं जायचं नाही.

शाळेसाठी मात्र पायरीपायरीची पद्धत लागू पडली, कारण दिवसाउजेडी घोळक्याने जाण्यात धोका कमी असतो. पहिले काही दिवस आई फाटकापर्यंत, मग वळणापर्यंत, मग कॅनॉलच्या पुलापर्यंत. वस्तीवरची मुलं एकत्र: पुढे मोठं माणूस, मागे मोठं माणूस, सर्वांत लहान मधे, मोठ्याने गप्पा मारत. शाळा सुटल्यावर जादा तास होता, तो थंडीच्या दिवसांत सकाळी घ्यावा म्हणून पाच आया मिळून मुख्याध्यापकांना भेटल्या. एकटीने गेली असती तर ती 'घाबरट आई' ठरली असती.

नवरा सुरुवातीला नुसता सोडायला यायचा. शेतीपंपाला थ्री-फेज लाईट आळीपाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. त्यामुळे रात्री दोनला दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी सरीसरीत वळवायला, तोच उसात जायचा. हातात कोयता, आणि बायकोने नंतर सांगितलं, निघण्याआधी एक क्वार्टर. पुरुषांची भीती अशीच दिसते: चिडचिडीत, बाटलीत, "तूच डोक्यात घेतलंस" या वाक्यात. त्याला भीतीबद्दल विचारलं असतं तर तो उठून गेला असता. म्हणून पंपाबद्दल विचारलं. मोबाईल स्टार्टर बसवला तर पंप घरून चालू-बंद होतो. ठिबक असेल तर रात्री उसात जायचं कामच उरत नाही. सौर पंपासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज करता येतो. तोवर जायचंच असेल तर दोघांनी जायचं, मोबाईलवर गाणी मोठ्याने लावायची, कानात इअरफोन नाही, दारं मोडताना एकाने वाकायचं आणि दुसऱ्याने उभं राहून बॅटरी फिरवायची. दारू प्यायल्यावर बाजूच्या पाचटातली सळसळ कानाला उशिरा पोहोचते, एवढंच सांगितलं. सोड असं म्हटलं नाही. शिरूर तालुक्यात २०२५ मध्ये शेतकरी गळ्यात काटेरी पट्टे घालून रानात जाताना दिसले, त्यावर तो हसला नाही. "मी पण करून घेणार होतो," म्हणाला. त्या घरात त्याने भीतीचा उच्चार पहिल्यांदा केला तो असा.

समोरासमोर आलाच तर काय, याची तालीम सगळ्या घराने अंगणात केली. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, खाली बसायचं नाही. नजर त्याच्यावर ठेवून लहान मुलाला पटकन कडेवर घ्यायचं, हात वर करून मोठं दिसायचं, ओरडायचं, एकेक पाऊल मागे यायचं. त्याची निघून जायची वाट मोकळी सोडायची. घोळका करून पाठलाग करताना माणसं जखमी होतात. ओरखडा किंवा चावा असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच सरकारी दवाखाना. रेबीजची लस आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. हळद, तंबाखू भरायची नाही. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६, तो तिने दारामागे खडूने लिहिला. शेळी मारली गेली तर पंचनामा होईपर्यंत ती हलवायची नाही: भरपाईसाठीही, आणि सावज उचलून नेलं की उपाशी बिबट्या दुसरं शोधतो म्हणूनही.

सासूबाईंचं माहेर पश्चिमेकडे, डोंगरात. महादेव कोळ्यांच्या त्या गावाच्या वेशीवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे आणि वाघबारसेला नैवेद्य दाखवतात. त्या म्हणायच्या, "वाघोबाची वाट असती. आपुन त्येच्या वाटंत उभं ऱ्हायचं न्हाई." सुनेला ही अंधश्रद्धा वाटायची, आणि सासूला सुनेची भीती म्हणजे शहरी चोचले. प्रत्यक्षात आजीचे नियम आणि वहीतला डावा रकाना यांत फारसा फरक नव्हता: दिवेलागणीला घरात, चालताना आवाज, त्याची वाट मोकळी. तो इथला आहे आणि आपणही इथलेच आहोत, एवढं ती बाई लहानपणापासून धरून चालली होती. सुनेला त्यासाठी कॅमेऱ्यांचा अभ्यास लागला.

पण आजीच्या श्रद्धेची एक बाजू मात्र अडवली. 'देवाचं नीट केलं तर तो काही करत नाही' याचा उलटा अर्थ असा होतो की ज्याच्या घरात हल्ला झाला त्याचं काहीतरी चुकलं. मूल गमावलेल्या आईला हे तोंडावर म्हणणारे लोक आहेत. हल्ल्याची कारणं अंधार, एकटेपणा आणि उंची ही असतात, पाप नसतं. हे आजींना सुनेसमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी न्हाई तसं म्हणत." मग थोड्या वेळाने, "आमच्यात म्हणत्यात पण."

गावात पिंजऱ्यासाठी सभा झाली तेव्हा तिने विचारलं, जाऊ का, सही करू का? समुपदेशकाने इथे मत देऊ नये असं मानणारे आहेत. आम्हाला वाटतं, माहिती मागणाऱ्याला ती द्यावी. हल्ला करणाऱ्या ठरावीक बिबट्याला पकडण्याची मागणी रास्तच आहे आणि ती करणाऱ्याला निसर्गाचा शत्रू ठरवणं शहरात बसून सोपं असतं. दिसला की पकडा ही मागणी मात्र उलटते. २००१ नंतर जुन्नर भागात बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम झाली. त्या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. रिकाम्या झालेल्या जागेत नवा, बहुधा तरुण, तिथल्या माणसांच्या वेळा न ओळखणारा बिबट्या येतो; आणि सोडलेला प्राणी अनोळखी मुलखात घराकडे परतायची धडपड करतो. पकडलेले बिबटे ठेवतात त्या माणिकडोहच्या निवारा केंद्रातही जागा अमर्याद नाही. ती सभेला गेली, पिंजऱ्याच्या अर्जावर सही केली, आणि त्याच अर्जात रस्त्याच्या कडेचा ऊस मागे घ्यावा आणि पोल्ट्रीचा कचरा पुरावा अशा दोन ओळी घालायला लावल्या. आम्ही सुचवलं नव्हतं.

तोडणी सुरू झाली की पुन्हा त्रास वाढेल हे आधीच सांगून ठेवलं होतं. नोव्हेंबर ते मार्च आडोसा तुटतो, बिबटे हलतात, जास्त दिसतात. संख्या वाढली म्हणून नव्हे. जानेवारीत पलीकडच्या फडात दोन पिल्लं सापडली. लोक त्यांना हातात घेऊन फोटो काढायला लागले, तेव्हा तिने दिराला पाठवून ते थांबवलं आणि वनरक्षकाला फोन केला. वनविभागाची माणसं अशा पिल्लांना संध्याकाळी त्याच जागी, खोक्यात ठेवतात आणि मादी अंधारात येऊन घेऊन जाते. पिल्लं हलवली तर चवताळलेली आई तिथेच घुटमळत राहते, आणि तो सर्वांसाठी वाईट आठवडा असतो. त्या रात्री तिला झोप लागली नाही. उसातून करवतीने लाकूड कापल्यासारखा आवाज येत होता. कडीकडे ती दोनदा गेली, तिसऱ्यांदा बसून राहिली. सकाळी खोकं रिकामं होतं.

सध्या ती सहा तास झोपते. मुलगा शाळेत जातो, पोटदुखी सोमवारची तेवढी उरली आहे. नवरा क्वार्टर घेतो की नाही ते आम्ही विचारलेलं नाही. मोबाईल स्टार्टर मात्र बसला. पूर्वेचा ऊस तुटल्यावर तिथे कांदा लावला. पश्चिमेचं अजून ठरत नाही: आडसाली लागण जुलैत आहे, तो १५ फूट सोडतो म्हणतो, ती २५ वर अडून बसली आहे, आणि टेप घेऊन मोजायला पुढच्या रविवारी दीर येणार आहे.